मेणाचा खडू : दप्तरातला सगळ्यात स्वस्त रंग

ऊस खायला घेतला की वरची पांढुरकी भुकटी आपण आधी हातानं पुसून टाकतो. राहाता, कोपरगाव, नेवासा, राहुरीकडच्या मुलांना ही भुकटी वेगळी सांगायला नको. कांडीवर, जास्त करून पेरापाशी, नखानं ओढलं की रेघ उमटते आणि नखात पांढरं साठतं. ती धूळ नव्हे, ते मेण आहे. पावसाचं पाणी वरून ओघळून जावं आणि कांडीतला ओलावा आत राहावा म्हणून उसानं ते अंगावर घेतलेलं असतं. ऊस गाळला की हे मेण रसाबरोबर येतं आणि रस स्वच्छ करताना जो काळपट गाळ निघतो, ज्याला कारखान्यावर सगळे प्रेसमड म्हणतात, त्यात जाऊन बसतं. शेतकरी तो गाळ खत म्हणून रानात टाकतात. प्रवरानगरला १९५०-५१ च्या सुमारास सहकारी कारखान्याचं गाळप सुरू झालं. तेव्हापासून आपल्या नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) रानांत प्रेसमडबरोबर किती मेण गेलं असेल याचा हिशेब कुणी मांडलेला नसावा!

आजचा पाठ मेणाच्या खडूचा आहे. सुरुवात उसापासून केली, कारण मेणाचे जे दोन गुण उसाच्या कामाला येतात तेच खडूच्या कामाला येतात. एक म्हणजे पाण्याला जवळ फिरकू न देणं. दुसरा म्हणजे ज्याला लागलं त्याला चिकटून बसणं. हे दोन गुण नीट लक्षात ठेवा, पुढचा सगळा पाठ त्यांच्यावरच आहे.

सगळेच खडू, पण सगळे सारखे नाहीत

मराठीत खडू हा शब्द आपण फार सैल वापरतो. फळ्यावर लिहितो तोही खडू, ‘रंगीत खडूची पेटी आण’ म्हणून सांगतो तोही खडू. दुकानदार मात्र विचारतो, ‘क्रेयॉन देऊ का ऑइल पेस्टल?’ आणि पालक गोंधळतात. म्हणून आधी ओळख करून घेऊ.

फळ्याचा खडू कोरडा असतो. त्याची भुकटी फळ्यावर नुसती टेकलेली असते, म्हणून डस्टर फिरवलं की जाते. चित्रकार वापरतात तो सॉफ्ट पेस्टल जातीनं याच्याच जवळचा, रंगाची पूड थोड्याशा डिंकानं बांधलेली. त्याच्यावर बोट फिरवलं की रंग पसरतो, फुंकर मारली तरी उडतो. मेणाच्या खडूत रंगाची पूड मेणात बुडालेली असते. कागदावर घासलं की मेणाचा पातळ थर कागदाच्या उंचवट्यांवर बसतो आणि रंगाला धरून ठेवतो. बोटानं पुसून तो जात नाही, खोडरबरानंही जात नाही. ऑइल पेस्टल, म्हणजे तेलखडू, हा मेणखडूचा धाकटा भाऊ. त्यात मेणाबरोबर न सुकणारं तेल असतं, म्हणून तो लोण्यासारखा लागतो, एकावर एक रंग मिसळतो आणि हातही भरवतो. यांच्याशिवाय हल्ली प्लॅस्टिक क्रेयॉन म्हणून एक प्रकार मिळतो. तो कडक असतो, त्याला टोक करता येतं आणि थोडाफार खोडताही येतो.

पेटीवरचं नाव वाचता आलं नाही तर सोपी परीक्षा आहे. रेघ ओढा आणि तिच्यावर बोट घासा. रंग पसरला तर तेलखडू. रेघ जागची हलली नाही आणि उजेडात धरल्यावर थोडी चकाकली तर मेणखडू.

आत काय असतं

जुन्या काळी मेण म्हटलं की मधमाशीचंच. अकोल्याच्या डोंगरात मोहोळ उतरवणाऱ्यांना ते माहीत आहे, मध पिळून घेतला की मागे राहतं ते. पण पोळ्यातून मेण थोडंच निघतं आणि ते महाग पडतं. दप्तरातल्या खडूत असतं ते पॅराफिन मेण. कच्च्या खनिज तेलापासून पेट्रोल-डिझेल वेगळं काढताना हेही वेगळं काढता येतं. मेणबत्तीचं मेण आणि खडूचं मेण एकच. आपल्या देशात आसाममधल्या दिग्बोईला १९०१ पासून तेल शुद्धीकरणाचा कारखाना आहे आणि तिथलं मेण प्रसिद्ध आहे.

नुसत्या पॅराफिनचा खडू मऊ होईल, म्हणून त्यात कडकपणासाठी स्टिअरिक आम्ल मिसळतात. शंखजिरं किंवा तसलीच एखादी पांढरी भुकटी भर म्हणून घालतात. मग रंगाची पूड. हे मिश्रण वितळवून साच्यात ओततात, साच्याभोवती थंड पाणी खेळवतात, मिनिटांत खडू घट्ट होतो. शेवटी त्याला कागदाचं वेष्टण. वेष्टण असतं म्हणून हात कमी भरतो आणि खडू लवकर मोडत नाही.

रंगाच्या पुडी ऐकल्या तर ओळखीच्या वाटतील. तपकिरी आणि विटकरी रंग लोहाच्या ऑक्साइडचे, म्हणजे आपल्या गेरूचे भाऊबंद. काळा म्हणजे शुद्ध काजळी. गडद निळ्यासाठी वापरतात ते अल्ट्रामरीन, जे कपड्याच्या निळीतही असतं. पांढऱ्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड, जो भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो. वर्गात हे सांगितलं की पोरं लगेच विचारतात, मग घरी खडू करता येईल का? मेणबत्ती आणि गेरूची वस्त्रगाळ पूड घेऊन करून बघण्यासारखं आहे, पण वितळवायचं काम मोठ्यांनी करायचं. कसं करायचं ते शेवटी सांगतो.

एक गोष्ट मात्र आपल्याकडच्या हवामानाची. मेणखडू चाळीस अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो. एप्रिलमध्ये पत्र्याच्या खोलीत ठेवलेली पेटी दुपारी उघडली की खडू वाकलेले, एकमेकांना चिकटलेले दिसतात. तो खडूचा दोष नाही, मेणाचा स्वभाव आहे. पेटी खिडकीत ठेवू नका, कपाटात खालच्या फळीवर ठेवा.

मेणात रंग कालवण्याची जुनी कला

मेणात रंग मिसळून चित्र काढणं ही काही शंभर वर्षांतली गोष्ट नाही. प्राचीन ग्रीक चित्रकार वितळलेल्या मेणात रंग कालवून लाकडी फळीवर चित्रं काढत आणि उष्णता देऊन पक्की करत. इजिप्तमध्ये फायूम नावाच्या भागात रोमन काळातल्या ममींवर माणसांचे चेहरे रंगवलेल्या फळ्या सापडल्या. सुमारे दोन हजार ते सतराशे वर्षांपूर्वीच्या. त्यांतले कितीतरी चेहरे मधमाशीच्या मेणात रंगवलेले आहेत आणि त्यांचे डोळे आजही ओले वाटावेत इतके ताजे आहेत. आंतरजालावर जरूर बघा आणि वर्गात दाखवा. पाण्याला न जुमानणाऱ्या मेणानं रंग कसा राखला हे सांगायला याहून चांगला पुरावा नाही.

पुढचा टप्पा आपल्या घराघरात पोहोचलेला आहे, फक्त त्याचा खडूशी संबंध आपल्याला माहीत नसतो. सतराशे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बव्हेरियात आलोइस सेनेफेल्डर यानं दगडावरून छापायची रीत शोधली. गुळगुळीत केलेल्या चुनखडीच्या दगडावर मेण, साबण, चरबी आणि काजळी यांच्या काळ्या खडूनं किंवा तसल्याच तेलकट शाईनं चित्र काढायचं. मग दगड ओला करायचा. जिथं खडू लागलाय तिथं पाणी थांबत नाही. आता तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त चित्रावर चिकटते, ओल्या दगडावर चिकटत नाही. त्यावर कागद दाबला की छापील चित्र तयार. यालाच शिळाछाप म्हणतात. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मराठी पंचांग छापलं ते शिळाछापावर. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढं लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत तसबिरी महाराष्ट्रातल्या देवघरांत लागल्या, त्याही याच तत्त्वावर, एकेका रंगासाठी वेगळा दगड घेऊन. आजीच्या देवघरात जुनी तसबीर असेल तर मुलांना सांगा, तेल आणि पाणी यांचं पटत नाही म्हणून ही लक्ष्मी आपल्या घरी आली.

शाळेसाठी झालेला खडू

एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत मेणाचे रंगीत खडू मिळत होते, पण ते प्रामुख्यानं चित्रकारांसाठी. महाग असत आणि काही रंगांत विषारी द्रव्यं असत. दुसरे होते ते कारखान्यातले. खोकी, पिंपं, लाकडं यांवर खूण करायचे जाडजूड काळे खडू. आपल्याकडे लाकडाच्या वखारीत ओंडक्यावर आकडा टाकायला तसला खडू अजून दिसतो.

अमेरिकेतल्या बिनी अँड स्मिथ या कंपनीचा धंदा काजळीचा आणि तांबड्या लोहरंगाचा. हा तांबडा रंग तिकडच्या शेतकऱ्यांच्या कोठारांना लावत. १९०० च्या सुमारास कंपनीनं शाळांसाठी पाटीवरच्या पेन्सिली बनवायला घेतल्या, मग कमी धूळ उडणारा फळ्याचा खडू काढला. या मालाच्या निमित्तानं शाळाशाळांत जाताना त्यांच्या लक्षात आलं की शिक्षकांना मुलांच्या हातात देता येईल असा स्वस्त, तोंडात गेला तरी अपाय न करणारा रंगीत खडू हवाय. खोक्यांवर खूण करायचा मेणखडू ते आधीपासून करतच होते. त्यात निर्धोक रंग घातले, खडू बारीक केला आणि १९०३ मध्ये आठ रंगांची पेटी पाच सेंटला विकायला काढली. लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा. नाव क्रेयोला.

हे नाव ठेवलं एडविन बिनी यांच्या पत्नी ॲलिस बिनी यांनी. त्या स्वतः शिक्षिका होत्या. फ्रेंचमध्ये खडूला ‘क्रे’ म्हणतात, त्याला तेलकट या अर्थाच्या शब्दाचा तुकडा जोडला. म्हणजे अर्थ काय झाला? तेलखडू! आपण मराठीत मेणखडू, तेलखडू म्हणतो तेव्हा नकळत तेच नाव घेतो.

रंगांच्या नावांची गोष्ट तर स्वतंत्र पाठाची आहे, पण तीन नावं सांगितल्याशिवाय राहवत नाही. ‘प्रशियन ब्लू’ नावाचा गडद निळा होता. प्रशिया हे राज्यच नकाशावर राहिलं नाही, मुलांना नाव कळेना, तेव्हा शिक्षकांच्या सांगण्यावरून १९५८ मध्ये त्याचं ‘मिडनाइट ब्लू’ झालं. ‘इंडियन रेड’ नावाचा तांबूस तपकिरी खडू होता. ते नाव भारताकडच्या तांबड्या मातीरंगावरून आलेलं, आपल्या गेरूच्याच कुळातलं. पण अमेरिकेतल्या मुलांना वाटायचं की हा तिथल्या मूळ रहिवाशांच्या कातडीचा रंग. १९९९ मध्ये ते नावही बदललं. आणि तिसरं नाव ‘फ्लेश’, म्हणजे अंगाचा रंग. फिकट गुलाबी-पिवळसर. १९६२ मध्ये त्याचं ‘पीच’ झालं, कारण सगळ्या माणसांच्या अंगाचा रंग तसा नसतो. या तिसऱ्या नावाकडे आपल्याला परत यायचं आहे.

जपानातले यामामोतो आणि आपला फळा

अमेरिकेतले मेणखडू जपानात पोहोचले तेव्हा तिथल्या शाळांत चित्रकलेचा तास म्हणजे नमुन्याचं पुस्तक उघडायचं आणि त्यातलं चित्र हुबेहूब उतरवायचं. कानाए यामामोतो या चित्रकाराला हे खटकलं. मुलांनी स्वतः पाहिलेलं, स्वतःला वाटलेलं काढावं, असं त्याचं म्हणणं. १९१९ मध्ये नागानो प्रांतात त्यानं मुलांच्या मुक्त चित्रांचं प्रदर्शन भरवलं आणि ती चळवळ देशभर पसरली. बाहेर बसून, हवं ते, झटपट काढायचं तर पाणी, ब्रश, रंगाची वाटी यांचा पसारा नको. मेणखडू या चळवळीचं हत्यार झालं. १९२१ मध्ये तिथं साकुरा ही खडू बनवणारी कंपनी निघाली आणि १९२५ च्या सुमारास तिनं मेणखडूचा न मिसळण्याचा अडसर काढून तेलखडू बाजारात आणला. आज आपण ऑइल पेस्टल म्हणतो त्याचा जन्म असा मुलांच्या चित्रांतून झाला.

हे शंभर वर्षांपूर्वीचं जपान वाचताना आपला फळा आठवतो की नाही? दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, त्यातून निघालेली नदी, काठाला झोपडी, बाजूला नारळाचं झाड. पारनेर-पाथर्डीच्या माळावर नारळ कुठं आहे, आणि उन्हाळ्यात नदीला पाणी कुठं आहे? तरी हे चित्र वर्षानुवर्षं उतरवलं जातं आणि ‘छान’ म्हणून शेरा मिळतो. ज्याच्या वस्तीवर बोअरवेलची गाडी आलीय, टँकर येतो, शेळ्या आहेत, कांद्याची चाळ आहे, ते पोर हे सगळं सोडून नारळ काढतं. खडू ज्या कामासाठी वर्गात आला ते काम आपण त्याला देतच नाही.

महाराष्ट्रात या मालाचं घरगुती नाव म्हणजे कॅमल. दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांचे बंधू यांनी १९३१ मध्ये मुंबईत शाईच्या पुडी आणि वड्यांपासून धंदा सुरू केला. कॅमल हे शाईचं नाव, आणि कॅमल व इंक जोडून कॅमलिन. साठच्या दशकात पुढच्या पिढीतले सुभाष दांडेकर यांनी कंपनीला चित्रकलेच्या साहित्याकडे वळवलं. मेणखडू, तेलखडू, पोस्टर कलर, सगळं मराठी गावांतल्या स्टेशनरीच्या दुकानात पोहोचलं. २०११ मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीनं कॅमलिनमध्ये बहुसंख्य हिस्सा घेतला. सुभाष दांडेकर २०२४ च्या जुलैमध्ये गेले. आज पन्नाशीत असलेल्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा, पहिल्या रंगपेटीवरचा उंट त्याला आठवेल.

वर्गात काय होतं

आता जरा शिक्षक आणि पालकांशी बोलायचं आहे. मुलांनी हा भाग वाचला तरी हरकत नाही.

पहिली-दुसरीत मेणखडू, तिसरीत स्केचपेन, पाचवीत तेलखडू, पुढं एलिमेंटरी-इंटरमिजिएटसाठी जलरंग आणि पोस्टर कलर, अशी एक शिडी आपण मनात धरलेली असते. इंटरमिजिएटच्या श्रेणीचे दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे शिडी चढायची घाईही असते. या शिडीत मेणखडू तळाला, म्हणजे बाळांचा. तालुका पातळीवरच्या चित्रस्पर्धेत पन्नास तेलखडूंची पेटी घेऊन आलेल्या मुलाचा कागद भरगच्च दिसतो, बारा मेणखडूवाल्याचा कागद मधूनमधून पांढरा दिसतो, आणि बक्षीस बहुतेक वेळा भरगच्च कागदाला जातं. परीक्षकांनी इथं थोडं थांबावं. मेणखडू कागदाच्या खोलगट जागेत शिरत नाही, तिथं पांढरे ठिपके राहतात. तो त्या साधनाचा पोत आहे, मुलाचा आळस नव्हे. ‘अजून घास, पांढरं दिसतंय’ म्हणून आपण सात वर्षांच्या हाताला दमवतो आणि चित्राचा जीव घालवतो.

ज्या मुलांकडे दुसरं काहीच नसतं त्यांचा विचार करा. दिवाळीनंतर पाथर्डी, शेवगाव आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवर येतात, त्यांच्याबरोबर पोरं येतात. फडाच्या कडेला कोपी, प्यायचं पाणी लांबून आणायचं, टेबल-खुर्चीचा प्रश्नच नाही. तिथं जलरंग चालत नाहीत. सांडले तर संपले, ब्रश वाळला तर गेला. खडू मात्र खिशात राहतो, मोडला तर एकाचे दोन होतात आणि दोघांना पुरतो. साखरशाळेत किंवा कोपीजवळच्या वर्गात काम करणाऱ्या शिक्षकाला एकच रंगसाहित्य घ्यायचं असेल तर मी मेणखडूच सांगेन, तोही जाड. बारीक खडू लहान मुलांच्या चिमटीत दाबला जाऊन लगेच मोडतो. जाड खडू मुठीत धरता येतो आणि वेष्टण काढून आडवा धरला की एका ओढीत रुंद पट्टा उमटतो, आभाळ किंवा नांगरलेलं रान भरायला हाच उपाय.

आता तो अंगाचा रंग. ‘सर, स्किन कलर आहे का?’ हे वाक्य प्रत्येक शाळेत ऐकू येतं. मुलं एकमेकांकडून एकच फिकट खडू फिरवून घेतात आणि आई, बाबा, आजी, स्वतः, सगळ्यांचे चेहरे त्यानं रंगवतात. वर्गात नजर फिरवा, त्या रंगाचं कुणी बसलेलं नसतं. बंगळुरूच्या एका कायद्याच्या विद्यार्थ्यानं फिकट खडूला ‘स्किन’ म्हणण्याविरुद्ध ग्राहक मंचाकडे दाद मागितली होती, ती काही उगाच नाही. सावळ्या मुलीनं स्वतःचं चित्र काढताना स्वतःचा रंग पेटीत नाही असं समजावं, हे आपल्या डोळ्यांसमोर होतं आणि आपण ‘नीट भर, रेघेबाहेर जाऊ नको’ एवढंच सांगतो.

उपाय त्याच बारा खडूंत आहे. आधी नारिंगी हलक्या हातानं, त्यावर तपकिरी, आणि कुठं कमी कुठं जास्त दाबायचं. मेणाचे थर एकमेकांत मिसळत नाहीत, पण वरच्या थरातून खालचा डोकावतो आणि डोळ्याला तिसराच रंग दिसतो. मुलांना आपल्या हाताजवळ कागद धरून रंग जुळवायला सांगा. एकाचा पिवळ्याकडे झुकतो, एकाचा जवळजवळ नुसता तपकिरी, एकाला थोडा काळा लागतो. या तासाला फार गडबड होते, आणि ती होऊ द्यावी.

दोन-तीन करून पाहण्यासारखे प्रयोग

पांढरा खडू पेटीत तसाच उरतो, हा सगळीकडचा अनुभव. पांढऱ्या कागदावर त्यानं दाबून चित्र काढा, काहीच दिसणार नाही. मग वरून निळीच्या पाण्याचा किंवा पातळ जलरंगाचा ब्रश फिरवा. जिथं मेण आहे तिथून पाणी पळतं आणि चित्र पांढरं उमटून येतं. रविवर्म्यांच्या दगडावर घडत होतं ते हेच. बाटिकच्या कापडावरही हेच. पावसाचं चित्र या रीतीनं फार छान होतं. शाळेच्या भिंतीवर खडूनं केलेल्या रेघोट्यांवर चुना किंवा डिस्टेंपर नीट का बसत नाही, तेही इथंच कळतं.

दुसरा प्रयोग खरवडण्याचा. कागदाचा एक हात एवढा भाग पिवळा, लाल, हिरवा अशा भडक रंगांनी दाबून भरा, त्यावर काळ्याचा जाड थर चढवा. मग काडीनं किंवा आगपेटीतल्या जळक्या काडीच्या टोकानं रेघा ओढा. काळं निघून खालचे रंग चमकायला लागतात. दिवाळीची रात्र, जत्रेतली रोषणाई यासाठी उत्तम. मात्र थर जाड हवा आणि क्रम फिकट खाली, गडद वर असाच हवा. उलटा केला तर पिवळा खडू काळ्यावरून नुसता घसरतो आणि मळतो.

तिसरा सगळ्यांना आवडणारा. पिंपळाचं पान उलटं, शिरा वर येतील असं ठेवा, त्यावर पातळ कागद धरा आणि खडू आडवा करून हलका घासा. शीर न् शीर उमटते. पान झालं की नाणं, चिंचेची साल, चपलेचा तळवा, पोत्याची वीण. परिसर अभ्यासाच्या तासाला गावातल्या झाडांच्या सालींचा असा संग्रह करता येतो. जुन्या देवळाच्या कोरीव दगडावर मात्र हे करू नका, मेण दगडाला लागलं की निघत नाही. कागद पाठकोरा चालेल, गुळगुळीत आणि चकचकीत नको. चकचकीत कागदावर मेणाला धरायला जागाच नसते.

खरेदी करताना एक काळजी. लहान मुलं खडू चावतात. पेटीवर बनवणाऱ्याचं नाव, पत्ता आणि ‘नॉन-टॉक्सिक’ असं छापलेलं असेल तीच घ्या, आठवडी बाजारातली बिननावाची पेटी दोन-पाच रुपये स्वस्त असली तरी सोडा. अमेरिकेतही १९९४ मध्ये आयात केलेल्या काही खडूंमध्ये शिसं सापडल्यानं ते परत मागवावे लागले होते.

तुकड्यांचं काय करायचं

वर्षअखेरीला प्रत्येक वर्गात डबाभर तुकडे जमतात. टाकू नका. वेष्टणं सोलायचं काम मुलांना द्या (गार पाण्यात थोडा वेळ भिजवली तर कागद लवकर सुटतो), रंगवार ढीग करा, खडू कोरडे पुसून घ्या. पुढचं काम शिक्षकांचं. पातेल्यात पाणी उकळायला ठेवा आणि त्यात तुकडे घातलेली स्टीलची वाटी ठेवा. मेण पेट घेतं, म्हणून वाटी कधीही थेट गॅसवर किंवा चुलीवर ठेवायची नाही. पाण्याच्या आतबाहेरच्या उष्णतेवर मेण हळूहळू पातळ होतं, काडीनं ढवळा, कारण रंग तळाला बसतो. गेरू घालून स्वतःचा खडू करायचा असेल तर मेणबत्तीचं मेण याच रीतीनं वितळवून त्यात चाळलेला कोरडा गेरू ढवळा. तो दुकानातल्यापेक्षा मऊ होतो, पण उमटतो. मग हे मेण जुन्या इडलीपात्राच्या खळग्यांत ओता, हे पात्र पुन्हा स्वयंपाकाला वापरायचं नाही. दोन-तीन रंग एकाच खळग्यात थोडे थोडे ओतले तर एका रेघेत रंग बदलणारा खडू मिळतो. गार झाल्यावर पात्र थोडा वेळ फ्रीजमध्ये किंवा माठाजवळच्या गार जागेत ठेवा, मेण आक्रसतं आणि गोल खडू हलकेच सुटून येतो. सुटला नाही तर सुरीनं ओढू नका, पात्राच्या पाठीवर दोन टिचक्या पुरतात.